पाच हजारांची बंदूक, पंधरा हजारांचा साज

कोणत्याही वस्तूची किंमत ती घरी आणली त्या दिवशी चुकती झाली, असा एक समज संसारी माणसाच्या मनात खोल रुजलेला असतो. आणि ज्यांना बाजार खऱ्या अर्थाने कळतो, ते या समजाच्या बळावरच आपली पेढी चालवितात. औराद तालुक्यातील संतपूर, त्याच्या आसपासची गावे, आणि बिदर-कलबुर्गीच्या सीमेवरचा जो पट्टा अद्याप घरात मराठी बोलतो तो सारा मुलूख, येथील तरुणांत छऱ्याच्या बंदुकीचा जो शौक हल्ली दिसू लागला आहे, त्याची थोडी चिकित्सा केली तरी हा समज किती महाग पडतो याचा पडताळा येतो. बंदूक पाच-सहा हजारांची. तिच्यावर चढविलेला साज पंधरा हजारांच्या पुढे गेलेला. आणि एवढे करून दहा मीटरवरच्या कागदावर पडणारी छिद्रे पहिल्या दिवशी जितकी विखुरलेली होती तितकीच आजही विखुरलेली. चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला, ही म्हण ज्याने प्रथम उच्चारली त्याच्या पानात निदान रस्सा तरी पडला असेल; आमच्या या तरुण मित्रांच्या पदरात तेवढेही पडत नाही.

या शौकाचे मूळ केवळ चैनीत नाही, हे आरंभीच मान्य केले पाहिजे. आमच्याकडे तूर, सोयाबीन, मूग, उडीद यांची कोवळी रोपे मातीतून वर येतात न येतात तोच काळविटांचे कळप शिवारात उतरतात, आणि जेथे काळवीट पोचत नाही तेथे रानडुकरे येऊन एका रात्रीत वाफेच्या वाफे उकरून ठेवतात. ज्याने भर पावसाळ्यात माळ्यावर बसून पत्र्याचे डबे बडवीत रात्री काढल्या आहेत, त्याच्या मनात बंदुकीचा विचार यावा यात नवल नाही. परंतु पिकाच्या रक्षणासाठी खऱ्या बंदुकीचा परवाना मिळविणे म्हणजे 1959 चा शस्त्र अधिनियम आणि 2016 ची शस्त्र नियमावली यांच्या अरण्यातून वाट काढणे होय. अर्ज, जमिनीच्या पहाणी-उताऱ्याच्या नकला, पोलिसांची चौकशी, मुदत सरताच नूतनीकरण, आणि निवडणूक जाहीर झाली की, पीक उभे असो वा नसो, बंदूक ठाण्यात जमा! निजामी अमलात अव्वल तालुकदाराच्या कचेरीत ज्याचे आजोबा हेलपाटे घालीत, तो नातू आज जिल्हाधिकाऱ्यांच्या कचेरीत हेलपाटे घालतो. कचेरीवरची पाटी तेवढी बदलली. याउलट नळीचा व्यास 4.5 मिलिमीटरहून अधिक नसेल आणि सुटणाऱ्या छऱ्याची ऊर्जा 20 ज्यूलच्या आत असेल, तर छऱ्याच्या बंदुकीला परवाना लागत नाही. म्हणून ती घरात येते. आणि आल्यावर कळते की ज्या कामासाठी ती आणली ते काम तिच्याने होणारच नाही. काळवीट हा 1972 च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीतील प्राणी असल्यामुळे त्याची शिकार करणे हा किमान तीन वर्षांच्या कारावासाचा गुन्हा आहे. आणि रानडुकराच्या कातडीपुढे 4.5 मिलिमीटरच्या शिशाच्या दाण्याची मातब्बरी ती काय? तो दाणा त्याला मारीत नाही, थोपवीतही नाही, केवळ चिडवितो. मग ही बंदूक झाडावरच्या पाखरांकडे वळते, आणि अशा बंदुका गावोगाव झाल्या म्हणजे रान कसे मुके होते, हे ईशान्येकडे अरुणाचल प्रदेशाने इतके अनुभवले की 2021 मध्ये तेथे सरकारनेच एअरगन स्वखुशीने जमा करण्याची मोहीम उघडली आणि लोकांनी त्या आणून दिल्या.

असो. शेताच्या राखणीचे निमित्त अशा रीतीने गळून पडले तरी बंदूक काही परत जात नाही. ती भिंतीवर टांगलेली राहते, संध्याकाळी अंगणात उतरते, कागदाच्या लक्ष्यावर चालविली जाते, आणि येथूनच त्या दुसऱ्या, लांबलचक खर्चाला प्रारंभ होतो. हा खर्च कोणत्या क्रमाने वाढतो हे समजण्यासाठी या यंत्राचे पोट एकदा उघडून पाहिले पाहिजे.

स्वस्त बंदुकीत बहुधा एक जाड पोलादी स्प्रिंग असते. बंदूक मधोमध वाकवली की ती स्प्रिंग दाबली जाऊन चापाच्या खाचेत अडकते. छरा भरून नळी पुन्हा सरळ करावयाची आणि चाप ओढावयाचा. चाप सुटताच स्प्रिंग दट्ट्याला पुढे लोटते, दट्ट्या पुढची हवा दाबतो आणि त्या हवेच्या जोराने छरा नळीतून निघतो. वरवर पाहता यात काहीच गहन नाही. पण दट्ट्या पुढे धावत असताना बंदूक मागे सरते, आणि दबलेल्या हवेवर आदळून दट्ट्या थबकला की तीच बंदूक पुढे उसळते. म्हणजे एका छऱ्यामागे दोन परस्परविरोधी धक्के. आणि त्यांतला पहिला धक्का सुरू होतो तेव्हा छरा अजून नळीतच असतो. अशी बंदूक हाती घट्ट आवळून धरणाऱ्याचे नेम चुकतात, सैल हातावर नुसती टेकवून धरणाऱ्याचे लागतात; आणि ही सैल पकड अंगवळणी पडण्यास हजार-दोन हजार छरे खर्ची घालावे लागतात. आमचा तरुण तेवढे छरे खर्ची घालीत नाही. पहिल्या दोन डब्यांतच तो या निर्णयाला येतो की दोष बंदुकीच्या नेमात आहे, आणि तो दुर्बीण मागवितो.

दुर्बीण येते ती सामान्य बंदुकीसाठी बनविलेली. तिला मागच्या धक्क्याची सवय, पुढच्या उसळीची नाही. थोड्याच दिवसांत तिच्या आतली अधिक चिन्हाची रेघ हलू लागते, तिच्या कड्या पट्टीवरून हळूहळू मागे घसरतात, आणि जो नेम काल जुळविला तो आज जुळत नाही. मग अधिक वजनदार कड्या. त्या घसरू नयेत म्हणून अडसर. मग, हा सगळा उपद्रव स्प्रिंगचा म्हणून स्प्रिंग काढून गॅसची नळकांडी. नळकांडी बसविली की चाप जड लागतो म्हणून नवा चाप. आणि इतका खर्च झाल्यावर जुना लाकडी दस्ता डोळ्यांना खुपतो म्हणून नवा दस्ता. "मामा, एवढा दस्ता बदलला की मग बघायलाच नको," असे आमच्या परिचयातील एक चिरंजीव गेल्या दिवाळीपासून सांगत आहेत. अद्याप काही बघायला मिळालेले नाही.

या सर्व उद्योगात जी गोष्ट कोणाच्या ध्यानी येत नाही ती मात्र बंदुकीच्या रचनेतच लिहून ठेवलेली आहे. वाकणाऱ्या नळीच्या बंदुकीत नळी एका बिजागरीवर फिरते, आणि दुर्बीण बसते ती बिजागरीच्या मागच्या, न हलणाऱ्या भागावर. बिजागरीत केसभर जरी ढिलाई असली, आणि स्वस्त बंदुकीत ती बहुधा असतेच, तरी प्रत्येक वेळी छरा भरून नळी सरळ केली की ती किंचित निराळ्या जागी बसते. दुर्बीण एकीकडे पाहते, नळी दुसरीकडे. कारखान्यातून आलेला मूळचा उघडा नेम मात्र बहुतेक बंदुकांत पुढे-मागे दोन्हीकडे नळीलाच जडलेला असतो; नळी जिकडे जाईल तिकडे तोही जातो, त्यामुळे बिजागरीचा दोष तो आपोआप पचवितो. अर्थात, ज्या साध्या पत्र्याच्या नेमाला गावंढळ समजून काढून टाकले, तोच या यंत्राला अधिक अनुरूप होता. आणि आठ हजारांची दुर्बीण बसवून आम्ही बंदूक सुधारली नाही, तर तिचा झाकलेला दोष उघडा पाडून तो कायमचा केला. बिजागरीचा बोल्ट घट्ट करणे, नळीचे तोंड निर्दोष आहे की नाही हे पाहणे, हवा गळते तेथील रबराचे कडे बदलणे, ही कामे शे-दोनशे रुपयांत होतात. पण त्यांची छायाचित्रे मित्रांना दाखविता येत नाहीत, म्हणून ती कोणी करीत नाही.

आता खरा प्रश्न असा की समंजस घरातला, शिकलेला, एरवी बाजारात चार रुपयांसाठी घासाघीस करणारा माणूस या चक्रात सापडतो कसा? माझ्या मते याचे उत्तर हप्त्यात आहे. पाच हजारांची बंदूक घेऊ नको, वीस हजारांची चांगली बंदूक घे, असे पहिल्या दिवशी कोणी सांगितले असते तर त्याने कानांवर हात ठेवले असते, घरच्यांनीही रागे भरले असते. पण तेच पंधरा हजार 1800, 2200, 4000 अशा तुकड्यांनी गेले की ते खर्च वाटत नाहीत. प्रत्येक तुकडा हा मागच्या खर्चाचे सार्थक करण्यासाठी केलेली किरकोळ तजवीज वाटतो. मागे घातलेले पैसे वाया जाऊ नयेत म्हणून पुढे पैसे घालावयाचे, आणि पुढचे वाया जाऊ नयेत म्हणून आणखी पुढे, हा न्याय आमच्या शेतकऱ्याला बोअरवेलच्या बाबतीत चांगला परिचित आहे. तीनशे फुटांवर पाणी लागले नाही म्हणून चारशे, चारशेवर नाही म्हणून साडेपाचशे. त्यातही बोअरला पाणी लागण्याची शक्यता तरी असते. या खर्चाची जमाबंदी एका वहीत कोणी मांडीत नाही. बंदूक वडिलांच्या पैशांची, दुर्बीण भावाकडून उसनवारीची, दस्ता पहिल्या पगाराचा. आणि जेव्हा कधी हा सगळा सरंजाम विकावयास काढावा, तेव्हा घेणारा बंदुकीची किंमत करतो, साजाची करीत नाही. किंबहुना चाप कोणी उघडला होता हे कळले तर मूळ किंमतही कापतो.

येथे कोणी म्हणेल की हलक्या वस्तूवर मोलाचे काम करण्याची परंपरा तर आमच्या बिदरचीच आहे. आक्षेप मोठा मार्मिक आहे. बिदरीच्या सुरईचा मूळ धातू म्हणजे जस्त, त्यात थोडे तांबे. त्याच्या ओतीव अंगावर नक्षी कोरून त्या कोरीव रेषांत चांदीची तार ठोकून बसवितात, आणि मग किल्ल्यातील मातीच्या लेपाने धातू काळाभोर करतात, म्हणजे चांदी तेवढी लखलखत राहते. चांदी आणि कारागिराची मजुरी यांची किंमत जस्ताच्या कितीतरी पट. तरी ही कला बहामनी काळापासून टिकून आहे, आणि 2006 मध्ये तिला भौगोलिक निर्देशांकाचे संरक्षणही मिळाले. पण बिदरीची सुरई पाहण्यासाठी घडविलेली असते. तिची चांदी हेच तिचे प्रयोजन, जस्त हे केवळ त्या चांदीला बसावयास दिलेले आसन. बंदुकीचे प्रयोजन तिच्या नळीच्या आतल्या पेचांत असते, आणि बाहेरून केलेला कोणताही अलंकार त्या पेचांपर्यंत पोचत नाही. ज्याला भिंतीवर शोभेसाठी बंदूक हवी असेल त्याने खुशाल तिला चांदीने मढवावे, मला त्याविरुद्ध काही म्हणावयाचे नाही. फक्त मग तिला नेमबाजी म्हणू नये.

नेमबाजी म्हणजे काय, हे ज्यांना जाणून घ्यावयाचे आहे त्यांनी ऑलिंपिकमधील दहा मीटर एअर रायफलचे नियम एकवार पाहावेत. त्या स्पर्धेत दुर्बिणीला मुळी परवानगीच नाही. मागे बारीक छिद्राची एक चकती, पुढे एक कडी, आणि मध्ये खेळाडूचा डोळा, एवढीच सामग्री. समोरचे लक्ष्य 45.5 मिलिमीटर व्यासाचे. त्याच्या मध्यभागी दहा गुणांचा जो ठिपका असतो तो अवघा अर्धा मिलिमीटर, म्हणजे ज्या छऱ्याने तो टिपावयाचा तो छराच ठिपक्याच्या नऊपट रुंद. आणि ज्या शक्तीच्या मागे आमचे तरुण धावत सुटले आहेत तिची या स्पर्धेत कोणी विचारपूसही करीत नाही. कारण ओबर्नडॉर्फची फाइनवेर्कबाऊ किंवा उल्मची वॉल्थर या जर्मन पेढ्यांच्या लाखांच्या घरातील रायफली छऱ्याला साडेसात ज्यूलच्या आसपासच ऊर्जा देतात, जी आमच्याकडच्या पाच हजारांच्या बंदुकीहूनही पुष्कळदा कमी भरते. लाख रुपये पडतात ते शक्तीसाठी नव्हे. तोच छरा, त्याच वेगाने, त्याच छिद्रातून, शंभर वेळा जावा यासाठी पडतात. उलट इकडे नवनवे सुटे भाग बसवून ऊर्जा वाढविता वाढविता 20 ज्यूलची मर्यादा ओलांडली, तर कालपर्यंत बिनपरवान्याची असलेली तीच बंदूक आज परवान्याच्या कक्षेत जाते, आणि तिचा मालक न कळत गुन्हेगार ठरतो, याची कल्पना किती जणांना आहे?

अशा नेमबाजीचे बीज आपल्याकडेही पेरले गेले आहे. भारताच्या राष्ट्रीय रायफल संघटनेची स्थापना 1951 मध्ये झाली, आणि तिचे पहिले अध्यक्ष होते लोकसभेचे पहिले सभापती गणेश वासुदेव मावळंकर, म्हणजे अहमदाबादेत वाढलेल्या एका मराठी घराण्यातील गृहस्थ. त्यांच्या नावाची अखिल भारतीय नेमबाजी स्पर्धा आजही भरते. त्या बीजाला महाराष्ट्रात किती फळे आली ते सर्वांसमोर आहे. 2004 मध्ये क्वालालंपूरच्या आशियाई स्पर्धेत सुमा शिरूर यांनी प्राथमिक फेरीत 400 पैकी 400 गुण मिळविले. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत 2010 मध्ये म्युनिक येथे विश्वविजेत्या झाल्या. ठाण्याच्या रुद्रांक्ष पाटीलने 2022 मध्ये कैरो येथे दहा मीटरचे जगज्जेतेपद मिळविले. आणि राधानगरी तालुक्यातील कांबळवाडी या लहानशा गावच्या स्वप्नील कुसाळे याने 1 ऑगस्ट 2024 रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये पन्नास मीटर रायफलचे कांस्यपदक घेतले. कांबळवाडी आणि संतपूर या दोन गावांत आकाराने फार मोठे अंतर असेल असे मला वाटत नाही. अंतर आहे ते खर्चाच्या दिशेत. या खेळाडूंच्या घरांनी पैसा घातला तो मुख्यतः दारूगोळ्यात, प्रशिक्षणात, प्रवासात आणि वर्षानुवर्षांच्या सरावात; आणि यंत्र बदलले ते जुने यंत्र आपल्या हाताला अपुरे पडू लागल्याचे गुणपत्रिकेवरून सिद्ध झाल्यानंतर. 2008 मध्ये बीजिंगच्या अंतिम फेरीच्या तोंडावर अभिनव बिंद्रा याला आपल्या रायफलीचा नेम पार ढळलेला आढळला. त्याने तो काही क्षणांत पुन्हा जुळविला आणि सुवर्णपदक घेतले. ढळलेला नेम जागेवर आणणारी ती जाणीव कोणत्याही दुकानात मिळत नाही. ती छऱ्यांच्या रिकाम्या डब्यांच्या राशीतून येते.

जुन्या बंदुकीवर नवा साज चढविण्याचा हा मोह राज्यकर्त्यांनाही सुटलेला नाही, परंतु त्यांच्या इतिहासात शहाणपणाचे दाखलेही सापडतात. 1857 च्या उठावाशी जिचे नाव कायमचे जोडले गेले ती 1853 च्या नमुन्याची एनफील्ड रायफल तोंडाकडून ठासावी लागे. 1866 पासून इंग्रजांनी तिच्या नळीचा मागचा भाग कापून तेथे स्नायडरची बिजागरीची झडप बसविली, आणि मिनिटाला तीन गोळ्या झाडणारा शिपाई दहा झाडू लागला. ही सुधारणा शहाणपणाची होती, कारण शस्त्रागारांत निर्दोष नळ्यांचे ढीग पडलेले होते आणि उणीव नेमकी एकच होती. तरीही 1871 मध्ये मार्टिनी-हेन्री ही नवी रायफल दाखल झाली आणि स्नायडर मागे पडली. म्हणजे उत्तम सुधारणेचे आयुष्यही पाच वर्षांचे! आपल्याकडे चीनच्या 1962 च्या आक्रमणानंतर बंगालमधील ईशापूरच्या कारखान्याने जुन्या .303 च्या धर्तीवर 7.62 मिलिमीटरची रायफल काढली. पुष्कळांना ती जुन्या बंदुकीची डागडुजी वाटते. प्रत्यक्षात ती अधिक मजबूत पोलादाची नवी घडण होती. तिच्या 2ए1 या आवृत्तीत नेमाची पट्टी 2000 वरून 800 मीटरवर आणली गेली, ही मला तिच्यातील सर्वांत अनुकरणीय बाब वाटते. जेथे शिपाई खरोखर मारू शकतो तेवढेच अंतर पट्टीवर कोरावे, हा विवेक एका सरकारी कारखान्याने दाखविला; आणि आमचा तरुण मात्र तीस मीटर मारणाऱ्या बंदुकीवर अर्धा मैल पाहणारी दुर्बीण बसवितो.

पुढे पुण्याजवळ पाषाण येथील शस्त्रास्त्र संशोधन संस्थेने इन्सास रायफल घडविली. 1999 च्या कारगिल युद्धात कडाक्याच्या थंडीत तिच्या प्लॅस्टिकच्या मॅगझिनला तडे जाण्याच्या तक्रारी आल्या. त्यानंतर तिच्याच सांगाड्यावर सुधारणा करीत एक्सकॅलिबर या आवृत्तीपर्यंत मजल गेली, पण सैन्याने अखेर वेगळ्या व्यासाची, वेगळी रायफल पसंत केली. मग फेब्रुवारी 2019 मध्ये अमेरिकेच्या सिग सावर पेढीकडून 72,400 रायफली, सुमारे साडेसहाशे ते सातशे कोटींना; 2024 मध्ये आणखी सुमारे 73 हजार; आणि ऑक्टोबर 2025 मध्ये या रायफलींवर बसवावयाच्या रात्रदृष्टीच्या दुर्बिणींसाठी 659.47 कोटींचा करार. पहिल्या खरेदीच्या रकमेशी जवळजवळ बरोबरी करणारी ही दुर्बिणींची रक्कम पाहून, संतपूरच्या चिरंजीवांनी मला हिणवावे हे अपेक्षितच आहे. परंतु मी हा खर्च दोषास्पद मानीत नाही. रायफल आधी वापरून पारखलेली होती; अंधारात दिसावे ही उणीव स्पष्ट आणि स्वतंत्र होती; आणि ती भरून काढण्याचा खर्च एका करारात, सर्वांना दिसेल असा, मांडलेला होता. साजाची रक्कम बंदुकीच्या रकमेइतकी झाली म्हणून कोणी मूर्ख ठरत नाही. नळीची परीक्षा न घेता, हाताची परीक्षा तर त्याहून न घेता, केवळ चुकलेल्या नेमाचे खापर फोडण्यासाठी जो साज चढविला जातो, तो वाया जातो.

हा शौक अगदीच निरर्थक आहे असेही मी म्हणणार नाही. यंत्र उघडून पाहण्यात, पेच सोडवून पुन्हा बसविण्यात, दस्त्याला तेल पाजून त्याच्या रेषा उजळविण्यात एक निर्मळ आनंद आहे, आणि तो मोबाइलच्या पडद्यावर अंगठा फिरवीत बसण्यापेक्षा निश्चित वरच्या दर्जाचा आहे. आमच्याच राज्यातील कोडगूच्या कोडव लोकांना परवान्यावाचून बंदूक बाळगण्याची मुभा इंग्रजी अमलापासून आहे. सप्टेंबरात कैलपोदच्या सणाला ते आपल्या बंदुका घासूनपुसून देवघरापुढे ठेवतात आणि त्यांच्या नळीच्या तोंडात कळलावीचे फूल खोवतात. आपल्या खंडेनवमीचे हे त्यांच्याकडचे रूप. पिढ्यान्‌पिढ्या चाललेल्या त्या बंदुकांना याहून अधिक साज कोणी चढविला नाही, आणि त्यावाचून त्यांचे काही अडलेही नाही. ज्याला आनंदासाठीच खर्च करावयाचा आहे त्याने तसे म्हणून करावा, वहीत तशी नोंद करावी. नेम सुधारतो आहे अशी घरच्यांची आणि स्वतःची समजूत घालू नये, एवढेच माझे म्हणणे.

पालकांनी आणि शाळांनी मात्र या गोष्टीकडे थोडे गांभीर्याने पाहावे. दहा मीटर नेमबाजीला मैदान लागत नाही. लांबट खोली किंवा बंद ओसरी, लक्ष्यामागे छरा अडविणारी लोखंडी पेटी, एक जाणता शिक्षक, आणि कोणी पुढे असताना बंदुकीला हात लावावयाचा नाही ही कडक शिस्त, एवढ्यावर काम सुरू होते. एका गावात पाच तरुण आपापल्या स्वस्त बंदुकांवर मिळून जेवढा पैसा उधळतात, तेवढ्यात सर्वांच्या सामाईक वापराची एक बरी रायफल आणि वर्षभराचे छरे येतील. औराद, भालकी, बसवकल्याण येथील शिक्षणसंस्थांनी असा प्रयोग करून पाहावा; मुलांना स्पर्धांना पाठवावे; आणि मगच कोणाच्या हाताला अधिक चांगल्या यंत्राची गरज आहे याचा निवाडा करावा.

ज्यांना माझे हे म्हणणे पटत नसेल त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवण्याचे कारण नाही. त्यांनी दुर्बीण काढून पेटीत ठेवावी, बिजागरीचा बोल्ट आवळावा, तीन निरनिराळ्या प्रतींच्या छऱ्यांचे लहान डबे आणावेत, सुरक्षित आडोसा असलेल्या जागी दहा मीटरवर कागद लावून बंदूक सैल हातावर टेकवून प्रत्येक प्रतीचे पाच-पाच छरे झाडावेत, आणि छिद्रांमधील अंतर पट्टीने मोजावे. छऱ्याची प्रत बदलल्याने जो फरक पडेल तो दस्ता बदलल्याने पडला होता का, हे त्यांनी स्वतःच पाहावे, आणि पुढची मागणी दुकानदाराला त्यानंतर कळवावी.